शोधणाऱ्याचा शब्द, मांडणाऱ्याचा शब्द

आजचा विषय ऐकून एका जुन्या विद्यार्थ्याने मला फोन केला. म्हणाला, "सर, संकेतस्थळावरची शोधपेटी हा विषय संगणकवाल्यांचा. तुम्ही तत्त्वज्ञानवाले त्यात कुठे?" मी त्याला म्हटलं, शोधणं म्हणजे काय हा प्रश्न आमचाच आहे, आणि तो अडीच हजार वर्षं आमच्याकडे पडून आहे. संगणकवाले आत्ता आले. पण खरं कारण वेगळं होतं, ते आधी सांगतो.

एका संस्थेने आपल्या वार्षिकाचे जुने अंक टंकून घेऊन संकेतस्थळावर ठेवले. संस्थेचं नाव घेत नाही, कारण त्यांनी काम मनापासून केलं होतं आणि पुढे चूक दुरुस्तही केली. त्या अंकांतला १९५०च्या दशकातला एक लेख मला हवा होता. लेख गावच्या देवळाच्या उत्पन्नाबद्दलचा. मी पेटीत लिहिलं, 'देऊळ'. उत्तर आलं, काही सापडलं नाही. मग 'देवळात' असं लिहिलं. तरीही नाही. मग 'मंदिर' लिहिलं, तेव्हा तिसराच मजकूर आला, सहलीचं वर्णन. मी समजलो की तो अंक चढवायचा राहिला असावा. वास्तविक तो लेख तिथेच होता. शीर्षकच होतं 'देवळांतला जमाखर्च'. ळांतल्या अनुस्वारासकट. तो 'जमाखर्च' या शब्दावर सापडला, आणि तोही योगायोगाने, कारण दुसरंच काही शोधताना मी तो शब्द टाकला.

म्हणजे बघा, वस्तू घरात आहे, दिवा लागलेला आहे, आणि घर म्हणतंय की वस्तू नाही. कागदाच्या काळात न सापडलेल्या गोष्टीबद्दल आपण म्हणायचो, "असेल कुठेतरी." पेटी मात्र 'नाही' म्हणते, आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. मला यातलं गांभीर्य इथे वाटतं.

आता कोणी म्हणेल, गूगलवर टाका की. ते पुरत नाही, आणि का पुरत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. साऱ्या जगाच्या जाळ्यात एकच गोष्ट हजार लोकांनी हजार शब्दांत लिहिलेली असते. तुमचा शब्द त्यांतल्या कुणाच्या तरी शब्दाशी जुळतोच. शिवाय ब्रिन आणि पेज यांनी १९९८ साली मांडलेली पद्धत अशी होती, की एका पानाकडे इतर किती आणि कोणती पानं बोट दाखवतात यावरून त्याचं महत्त्व ठरवायचं. एका घरात असं काही नसतं. १९५०च्या दशकातल्या लेखाकडे बोट दाखवणारं कोण आहे? तिथे तो लेख एकदाच असतो, एकाच माणसाच्या शब्दांत. तुम्ही तोच शब्द आणलात तर दार उघडतं, नाहीतर नाही. म्हणून घरातला शोध हा जगातल्या शोधापेक्षा सोपा वाटतो आणि असतो मात्र अवघड.

प्लेटोच्या 'मेनो' या संवादात मेनो सॉक्रेटिसला पेचात पकडतो. जी गोष्ट तुला मुळीच माहीत नाही ती तू शोधणार कशी? आणि सापडली तरी हीच ती, हे ओळखणार कसं? उलट माहीत असेल तर शोधायचं कशाला? आपल्याकडे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रावर भाष्य करताना हाच पेच मांडला आहे. ब्रह्म माहीत असेल तर जिज्ञासा कशाला, आणि माहीत नसेल तर जिज्ञासा शक्य तरी कशी? त्यांचं उत्तर मला प्लेटोच्या पूर्वजन्मीच्या आठवणीपेक्षा व्यवहाराला जवळचं वाटतं. गोष्ट सामान्यपणे माहीत असते, तिच्या विशेषाबद्दल मतभेद असतात, म्हणून जिज्ञासा. शोधणारा नेहमी असा अर्धवट माहितीचा माणूस असतो. त्याच्या हातात एक तुकडा असतो. शोधाच्या साधनांचा सगळा इतिहास मला एका प्रश्नाचा इतिहास वाटतो : शोधणारा कोणता तुकडा घेऊन येईल, हे साधन करणाऱ्याने काय गृहीत धरलं?

सर्वांत जुनं उदाहरण आपल्याच घरातलं. ऋग्वेदाची कात्यायनाच्या नावावर असलेली सर्वानुक्रमणी. तिच्यात प्रत्येक सूक्ताचं प्रतीक, म्हणजे सुरुवातीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद दिलेले आहेत. आजच्या खरेदीच्या संकेतस्थळावर डाव्या बाजूला रंग, माप, किंमत अशा चौकटी असतात ना, तसं आहे हे. अमुक ऋषीचं, अमुक देवतेचं, अमुक छंदातलं. पण ही अनुक्रमणी कुणासाठी आहे? ज्याला ऋग्वेद पाठ आहे त्याच्यासाठी. सुरुवात सांगितली की पुढचं त्याच्या तोंडातून येणारच. ऋचेच्या मधला एखादा शब्द घेऊन तुम्ही आलात तर ती तुम्हाला काही मदत करणार नाही. असा माणूस तिने कल्पिलाच नव्हता. यात दोष नाही, मर्यादा आहे.

मधला शब्द घेऊन येणारा माणूस तेराव्या शतकात पॅरिसमध्ये भेटतो. सेंट शेरचा ह्यू नावाचा डॉमिनिकन धर्मगुरू आणि त्याचे सहकारी यांनी सेंट जाक मठात लॅटिन बायबलची शब्दसूची केली. हे धर्मगुरू हिंडून प्रवचनं करायचे. 'मीठ' या शब्दावर प्रवचन करायचं तर बायबलमध्ये मीठ कुठे कुठे आलंय, ते त्यांना हवं असे. त्या वेळी बायबलमध्ये अध्याय होते, पण आजच्यासारखे श्लोकांक नव्हते. म्हणून त्यांनी प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पिले आणि त्यांना ए ते जी अशी अक्षरं दिली. शब्द, ग्रंथ, अध्याय, अक्षर. एवढं सांगितलं की जागा सापडली.

या कामात एक उलथापालथ आहे, तिकडे लक्ष द्या. ग्रंथ म्हणजे पानं, आणि पानांत शब्द. सूची हे उलटं करते, आधी शब्द आणि मग त्याची पानं. आज ल्युसीन नावाची जी मोफत प्रणाली असंख्य संकेतस्थळांच्या पेटीमागे चालते, डग कटिंग यांनी लिहून खुली केलेली, तिच्या पोटात हेच आहे. संगणकवाले त्याला उलटी सूचीच म्हणतात. आठशे वर्षांत कल्पना तीच आहे, वेग बदलला. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृत कोशाचं काम १९४८ साली डॉ. सुमित्र कत्रे यांनी सुरू केलं, तिथे सुमारे पंधराशे ग्रंथांतून काढलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत आहेत. ज्यांनी ते दालन पाहिलं असेल त्यांना उलटी सूची काय असते हे वेगळं सांगायला नको. आणि आमच्या केतकरांनी ज्ञानकोशाच्या २३ खंडांतला एक अख्खा खंड सूचीला दिला, हेही या ओघात आठवतं. पैशाची ओढाताण असताना सूचीवर एक खंड खर्च करणारा संपादक आज मिळेल का, मला शंका आहे.

आता वाट बदलते. शब्दांची सूची करण्याऐवजी विषयांचीच नीट मांडणी करावी, असा दुसरा प्रवाह होता, आणि त्यातलं सर्वांत मोठं नाव आपल्या देशातलं आहे. शियाळी रामामृत रंगनाथन. मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला, त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू जोडून हवी ती वस्तू करायची. त्यावरून त्यांना सुचलं की पुस्तकाचा विषयही असाच जोडून सांगता येईल. आधी ठरलेल्या खणात पुस्तक कोंबायचं नाही. विषयाचे पैलू वेगळे करायचे, व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, अवकाश, काळ, आणि मग जोडायचे. १९३३ साली त्यांचं कोलन वर्गीकरण प्रसिद्ध झालं. त्याआधी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आले होते, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो.

माझा रंगनाथनांबद्दलचा आदर फार मोठा आहे. तरी एक गोष्ट म्हणतो. त्यांच्या पद्धतीत वाचक आणि मांडणी यांच्यामध्ये एक माणूस उभा होता, आणि रंगनाथनांना तो हवाच होता. टेबलामागचा ग्रंथपाल. तुम्ही जाऊन विचारायचं, "अहो, ते देवळांच्या जमिनींवर काही आहे का?" आणि तो मनातल्या मनात तुमच्या 'देवळांच्या जमिनी'चं 'देवस्थान इनाम' करायचा आणि योग्य खणाकडे जायचा. हे भाषांतर इतकं सहज व्हायचं की ते होतंय हे आपल्या लक्षातच आलं नाही. पुढे टेबल गेलं आणि पेटी आली. लोकांना वाटलं, यादी संगणकावर आली की झालं. त्या माणसाचं काम कुणी करायचं, हे कुणी ठरवलंच नाही.

विषयांची मांडणी चांगली की साधे शब्द चांगले, याचा निकाल लावायचा प्रयत्न इंग्लंडमध्ये क्रॅनफील्ड इथे झाला. विमानविद्येच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हर्डन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस १८,००० लेख घेतले, चार पद्धतींनी त्यांच्या सूच्या केल्या आणि १,२०० प्रश्न विचारले. त्या चारांत रंगनाथनांच्या विचारावर आधारलेली पैलू-पद्धतही होती. फरक फारसा पडला नाही, आणि कौतुकाची पैलू-पद्धत उलट थोडी मागेच राहिली. दुसऱ्या फेरीत १,४०० लेखांवर आणखी काटेकोर प्रयोग झाला, तेव्हा तर लेखातले साधे सुटे शब्दच सर्वांत पुढे आले. क्लेव्हर्डननी स्वतः या निष्कर्षाचं आश्चर्य नोंदवून ठेवलं आहे. काही ग्रंथपाल रागावले, काहींनी प्रयोगाच्या रचनेवरच आक्षेप घेतले, आणि ते सगळे आक्षेप पोकळ नव्हते. पण त्या प्रयोगाने एक सवय लावली. पद्धत सुंदर आहे की नाही हा वाद घालत बसायचं नाही. खरे प्रश्न घ्यायचे, हवं ते किती सापडलं आणि सापडलेल्यातलं किती हवं होतं, हे मोजायचं.

यानंतरचं नाव माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स. या बाई शिकल्या इतिहास, आणि एक वर्ष तत्त्वज्ञान. त्यांनी काम सुरू केलं मार्गारेट मास्टरमन यांच्या गटात, आणि मास्टरमन या विट्गेनस्टाइनच्या वर्गात बसलेल्या. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात पाहावा, हे विट्गेनस्टाइनचं म्हणणं आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. या बाईंनी ते मोजायला घेतलं. १९७२ सालच्या त्यांच्या निबंधातली कल्पना आजीबाईलाही समजेल. जो शब्द सगळ्या लेखांत येतो तो काहीच सांगत नाही. जो मोजक्या लेखांत येतो तो पुष्कळ सांगतो. म्हणून दुर्मीळ शब्दाला जास्त वजन. देवस्थानाच्या मासिकात 'देव' हा शब्द पानोपानी असणार, त्याच्यावर शोध कसा चालेल? तिथे 'कुळकायदा' हा शब्द मोलाचा. आणि कृषी खात्याच्या कागदांत उलट, 'देव' आला तर तोच मोलाचा! वजन शब्दाला स्वतःचं नसतं, कोणत्या घरात तो आहे त्यावर ते ठरतं. आज जवळजवळ प्रत्येक शोधपेटीत या कल्पनेचा अंश आहे.

तरी मूळ दुखणं राहिलंच. शब्दच वेगळा असेल तर वजन करणार कशाचं? अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या संशोधनात जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं की एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून एकच नाव देतील, याची शक्यता शंभरात वीसपेक्षाही कमी असते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलोच. भाषा ही सामायिक गोष्ट आहे असं आपण धरून चालतो! त्यांचा उपाय साधा होता. 'बरोबर नाव' शोधत बसू नका, लोक जी जी नावं वापरतात ती सगळी दाराला लावा. डाळिंब लावणारा शेतकरी 'तेल्या' असं लिहिणार, पत्रकात छापलेलं असणार 'जिवाणूजन्य करपा'. दोघंही बरोबर. सातबाराचा उतारा हवा असलेला माणूस 'सातबारा' लिहील, देवनागरी आकड्यांत ७/१२ लिहील, किंवा इंग्रजी आकड्यांत लिहील. यंत्राच्या लेखी ही तीन निरनिराळी माणसं.

आता मराठीकडे येतो, कारण माझ्या 'देऊळ'चं उत्तर इथे आहे. इंग्रजीत शब्दाच्या शेपट्या छाटायची एक रीत मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली दिली आणि ती जगभर चालली. मराठीत नुसती शेपटी छाटून भागत नाही. दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. विभक्तीच्या आधी नाम आपलं रूप बदलतं, याचा, म्हणजे सामान्यरूपाचा, विचार तिथे विस्ताराने आहे. देऊळ – देवळात, कापूस – कापसाला, वीट – विटेचा, पाणी – पाण्यातून. इथे 'त', 'ला', 'चा' काढून टाकलेत तरी उरतो तो 'देवळा', 'देऊळ' नव्हे. बऱ्याच संकेतस्थळांची पेटी फक्त अक्षरांची ओळ जुळवते. ती 'घर' टाकल्यावर 'घरात' आणेल, सोबत 'घराणे' आणि 'घरघर'ही आणेल, आणि 'देऊळ' टाकल्यावर 'देवळात' कधीच आणणार नाही. काही जण हिंदीसाठी तयार असलेली छाटणी मराठीला लावतात. हिंदीत 'घर में' हे दोन शब्द, आपलं 'घरात' एक. लिपी एक म्हणून कात्री एक, असं होत नाही.

फार छाटलं तरी पंचाईत. 'वाटेत' म्हणजे रस्त्यात, 'वाटीत' म्हणजे भांड्यात, 'वाट्याला' म्हणजे हिश्श्याला. आंधळेपणाने कात्री चालवली तर तिन्हींचं 'वाट' होईल, आणि वाटणीचा दावा शोधणाऱ्याला आमटी मिळेल. तेव्हा मधला मार्ग काढावा लागतो. बदलणाऱ्या नामांची यादीच हाताने करावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण अशक्य नाही.

शिवाय काळाचा थर आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीचं सगळं 'कांहीं', 'नाहीं', 'देवळांत'. आजचा मुलगा 'देवळात' लिहिणार आणि त्याच्या आजोबांचा लेख त्याला सापडणार नाही, एका टिंबासाठी. त्याच्याही खाली यंत्राचा थर. 'दऱ्या'तला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. 'ॲ' हे अक्षर एक चिन्ह म्हणून येतं किंवा 'अ'वर चंद्र ठेवून येतं. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला तो निराळा शब्द. आणि युनिकोड रुळण्यापूर्वीच्या टंकांत तयार झालेल्या फायली तर विचारूच नका. पडद्यावर शुद्ध मराठी आणि आत रोमन अक्षरांची गर्दी. त्यांत मराठी शब्द शोधणं म्हणजे कुलपाच्या चित्राला किल्ली लावणं.

त्या संस्थेचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मी चिडून पत्र लिहिलं. त्यांनी मला बोलावलं. तिथे एक निवृत्त ग्रंथपाल बाई होत्या, त्या आणि मी, असे दोन म्हातारे बसलो. मी त्यांना म्हटलं, पेटीत लोक काय काय लिहितात आणि कशावर 'काही सापडलं नाही' येतं, त्याची यादी मिळेल का? मिळाली, नावंगावं नसलेली, नुसते शब्द. आम्ही दर बुधवारी ती वाचायला लागलो. संस्थेच्या तरुण मुलाने जुने अनुस्वार शोधापुरते पुसले, मूळ मजकुराला हात न लावता. दोन तऱ्हांची अक्षरं एक केली. आम्ही दोघांनी बदलणाऱ्या नामांची आणि पर्यायी शब्दांची वही केली. बाई वही भराभर भरायच्या, मी मात्र एकेका शब्दावर अडून बसायचो, जन्माची सवय. 'देऊळ' आता सापडतं.

एका बुधवारी यादीत एक ओळ होती, 'बाबांचा लेख १९७१'. चार-पाच दिवसांत तीच ओळ पुन्हा पुन्हा आली होती, एकदा 'वडिलांचा लेख' अशी, एकदा नुसतीच 'बाबा'. बाई म्हणाल्या, "टेबलावर आले असते तर मी विचारलं असतं, बाबांचं नाव काय हो?" पेटीला ते विचारता येत नाही. आम्ही काय केलं, १९७१च्या अंकाची लेखकसूची वेगळी करून पहिल्या पानावर ठेवली, टोपणनावांसमोर खरी नावं घातली, आणि मग सगळ्याच वर्षांची तशी केली. ती ओळ त्यानंतर यादीत आली नाही. त्या माणसाला लेख मिळाला की त्याने शोधणं सोडलं, हे यादीवरून कळत नाही. बाई अजून बुधवारी पहिल्यांदा तीच ओळ बघतात.

कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ या.